सत्तर किलो झोप

कळमन्याच्या काट्यावर रात्री पावणेदोनला
नरखेडची संत्री उभी आहेत
आणि पडद्यावर शून्य.

"भाऊ, हे पुन्हा झोपून उठलं न तसंच झालं,"
फोनवर इस्तारी पराते.
"अख्खी गाडी काट्यावर हाये,
अन् कम्प्युटर म्हणते काहीच नाही."

मी मोटरसायकल काढतो.
पारडीपाशी थंडी बाह्यांतून आत शिरते.
खिशात स्क्रू-ड्रायव्हर, एक खोडरबर.

दोष मला पाठ आहे.
इस्तारी चहाला जातो, वीस मिनिटं कोणी हात लावत नाही,
यंत्र डोळे मिटतं.
परत येऊन माऊस हलवला की सगळं उठतं,
पंखा, पडदा, पडद्यावरचा फुटाळा तलाव.
उठत नाही ते फक्त तिसऱ्या खाचेतलं कार्ड,
हिरवं, चार बोटांचं, बर्डीवरून साडेसहाशेला आणलेलं,
ज्याच्या पाठीत काट्याची वायर खोचली आहे.
यादीत त्याचं नाव असतं,
नावाशेजारी पिवळा त्रिकोण.
हजेरीपटावर आहे, वर्गात नाही.

बंद करून चालू केलं
की गुणी मुलासारखं वागतं.
म्हणजे मरण त्याला चालतं.
झोप चालत नाही.

काय काय केलं नाही मी.
जुना ड्रायव्हर काढला, नवा घातला,
मग नवा काढून पुन्हा जुना.
सोनेरी दात खोडरबरने घासले,
शेजारच्या खाचेत बसवून पाहिलं.
'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या'
या ओळीपुढची खूण पुसली;
पुढच्या अपडेटने ती गुपचूप परत उमटवली.
बायोसच्या निळ्या तळघरात उतरून
ज्या कळत नव्हत्या त्या दोन ओळीही फिरवल्या.
मागच्या मंगळवारी वाटलं, जमलं.
इस्तारीने तर्री-पोहे खाऊ घातले.
बुधवारी शून्य.

आज डब्याचं झाकण काढून
पहिल्यांदा नुसता बघत बसलो.
यंत्राला झोपवलं. कार्डावरचा बारीक दिवा विझला.
उठवलं. पंखा फिरला. दिवा नाही.
सकाळ झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग तो रकाना उघडला:
संगणकाने किती वेळाने झोपावं?
पाच मिनिटं, वीस मिनिटं, एक तास,
सगळ्यात खाली, कधीच नाही.
इतकं सोपं होतं,
म्हणूनच सहा आठवडे टाळत होतो.

बंद. चालू.
१४,३८०.

इस्तारी पावती छापायला गेला न थबकला.
"डायव्हर कुठं हाये?"

कॅबिनमध्ये. स्टिअरिंगवर कपाळ टेकून उईके,
आमच्या शून्याची वाट पाहत झोपलेला.
भरल्या गाडीत माणूस मोजला
की रिकाम्या गाडीच्या वेळी भांडण ठरलेलं.
इस्तारीने काचेवर नाणं वाजवलं.
पुन्हा वाजवलं.
उईके उठला, म्हणजे डोळे उघडले.
"काटोल आलं का?"
"कळमना हाये बाप्पा. उतर."
तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला,
हे कुठे लावायचे असतात ते आठवत.
मग दार, पायरी, जमीन.

१४,३१०.

"सत्तर किलो," इस्तारी म्हणाला,
आणि पावती फाडून त्याच्या हाती दिली.
उईकेने ती न वाचता दोनदा घडी घातली,
टायरला टेकून उभा राहिला.

मी बिलबुक काढलं.
तारीख, नाव, काम.
कामापुढे पेन थोडं अडलं, मग लिहिलं:
झोप काढली.

इस्तारी खांद्यावरून वाकून वाचत होता.
"कोणाची?"